दहा मोजा, मग प्लग लावा

बी विंगच्या जिन्याखाली, नोटीस बोर्डाच्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. 'राउटर अडकल्यास रीस्टार्टचे बटण दाबू नये. प्लग काढावा, दहापर्यंत अंक मोजावेत, मग प्लग लावावा.' खाली कोणीतरी पेनने लिहिलंय, 'आणि देवाचं नाव घ्यावं.' वरचा मजकूर माझा. खालचा माझा नाही.

गेल्या महिन्यात मेसच्या लाइनीत रेक्टर सरांनी विचारलं, "दहाच का रे? सहा मोजले तर नाही का चालत?" दोन चपात्या ताटात पडेपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. सरांचा चेहरा बघून कळलं की काही पोचलं नाही. म्हटलं, मॅगझिनवाले नाहीतरी लेख मागतायत, सविस्तरच लिहू.

तर मित्रांनो, गोष्ट मी सेकंड इयरला असतानाची. हॉस्टेलचे दोन्ही राउटर कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवर रोज अडकायचे. एका सीनियर दादाने दोन्हींवर लिनक्सवर चालणारं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर चढवलं. अडकणं बंद झालं, स्पीडही बरा झाला, दादा पास आउट होऊन पुण्याला नोकरीला गेला. मग एका रात्री मी वायफायचा पासवर्ड बदलला आणि 'रीस्टार्ट' दाबलं. राउटर गेला तो परत आलाच नाही. एक दिवा पेटलेला, बाकी शांतता. त्या रात्री बारापर्यंत परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची मुदत होती, त्यानंतर लेट फी. जिन्यात तीसचाळीस पोरं उभी आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, कारण बटण मी दाबलं होतं.

अ‍ॅडॅप्टर बदलून पाहिला. वायरमन काका आले, सॉकेट बदलून गेले. शेवटी कंटाळून प्लग काढला आणि परत लावला, तर राउटर शहाण्या मुलासारखा सुरू! पुढचे काही महिने हाच प्रकार. लाइट गेली आणि आली की राउटर ठणठणीत. सॉफ्टवेअरमधून रीस्टार्ट केला की खलास. लाइट गेल्यामुळे बरा होणारा पेशंट मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

याचं उत्तर राउटरच्या पोटातल्या, नखाएवढ्या आठ पायांच्या एका चिपमध्ये होतं. ती म्हणजे फ्लॅश मेमरी. आणि ती चिप सांभाळणारा जो लिनक्स कर्नलचा भाग आहे, तो कोण आणि कसा सांभाळतं, हे मला या निमित्ताने कळलं. मजा दुसऱ्या भागात जास्त आहे, पण आधी पहिला.

फ्लॅश मेमरी शोधली तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी. नॉर प्रकारची त्यांनी १९८४ साली मांडली, नॅन्ड प्रकारची १९८७ साली. एका झटक्यात अख्खा भाग पुसला जातो हे बघून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि नाव पडलं ते तेच. नाव ठेवताना लिहिण्यावर नाही, पुसण्यावर भर दिलाय हे लक्षात ठेवा. सगळ्या भानगडी पुसण्याच्याच आहेत.

फ्लॅश पुसली की सगळे बिट १ होतात. लिहिणं म्हणजे काही बिट १ चे ० करणं. ० चा परत १ करायचा असेल तर तो एकटा बिट करता येत नाही, तो ज्या ब्लॉकमध्ये आहे तो अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणजे समजा हॉस्टेलमध्ये एका कॉटवरची गादी बदलायची आहे, तर नियम असा की आधी पूर्ण विंग रिकामी करा. पोरांना सामानासकट दुसरीकडे हलवा, विंग धुवा, मग नव्या गादीसकट सगळ्यांना परत आणा. आणि मधेच लाइट गेली तर कोणाचं सामान कुठे राहिलं याचा पत्ता नाही.

नॅन्ड फ्लॅशमध्ये हे आकडे ठरलेले असतात. बरीच वर्षं सर्रास मिळणारी रचना म्हणजे २०४८ बाइटचं एक पान आणि त्या पानाला ६४ बाइटचा समास. हो, आपल्या वहीला असतो तसाच समास. अशा ६४ पानांचा एक ब्लॉक, म्हणजे १२८ किलोबाइट. लिहायचं पानापानाने, पुसायचं ब्लॉकने. चांगल्या प्रतीच्या (एका सेलमध्ये एकच बिट ठेवणाऱ्या) चिपचा ब्लॉक साधारण १ लाख वेळा पुसता येतो. एका सेलमध्ये जास्त बिट कोंबले की हा आकडा काही हजारांवर येतो.

गंमत म्हणजे नॅन्ड चिप कारखान्यातून निघते तीच काही विषयांत नापास होऊन. १ गिगाबिटच्या ठरावीक चिपमध्ये १०२४ ब्लॉक असतात आणि डेटाशीटमध्ये कंपनी किमान १००४ चांगले असण्याची हमी देते. म्हणजे वीस ब्लॉकपर्यंत एटीकेटी चालते! कोणते नापास, याची खूण त्याच ब्लॉकच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पानाच्या समासात कारखान्यानेच केलेली असते. आता विचार करा, कुणी अतिहुशार माणसाने नवी चिप 'स्वच्छ' करायची म्हणून सगळे ब्लॉक पुसले, तर? खुणाही पुसल्या जातात. मग नापास कोण ते कायमचं गुपित. म्हणून लिनक्समधला कोड अशा ब्लॉकला पुसू देत नाही, आणि सोय असेल तिथे नापासांची यादी वेगळ्या जागी करून ठेवतो.

चांगले ब्लॉकही पूर्ण भरवशाचे नसतात. नुसतं वाचून वाचून शेजारच्या पानातला एखादा बिट उलटतो, नुसता काळ गेला तरी उलटतो. त्यासाठी समासात ईसीसी, म्हणजे चूक सुधारणारा कोड लिहून ठेवतात. जुनी साधी पद्धत हॅमिंगची. २५६ बाइटला ३ बाइट कोड आणि एका बिटची चूक दुरुस्त. कम्युनिकेशनच्या ओरलला 'हॅमिंग कोडचा उपयोग सांगा' म्हटलं की आपण सॅटेलाइट सांगतो. सॅटेलाइट दूर राहिलं, जिन्याखालचा राउटर बघा. पुढे चिप दाट होत गेल्या, एक बिट पुरेना, मग बीसीएच कोड आला. लिनक्समध्ये तो सॉफ्टवेअरमधून करायची सोय २०११ पासून आहे.

इथे कोणी म्हणेल, माझ्या पेनड्राइव्हमध्ये पण फ्लॅशच आहे, मला हे काही करावं लागत नाही. बरोबर. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी यांच्या आत स्वतःचा छोटा कंट्रोलर असतो. तो हे सगळं स्वतः निस्तरतो आणि बाहेर साळसूदपणे 'मी हार्ड डिस्क आहे' असं सांगतो. राउटर, सेट टॉप बॉक्स, कारखान्यातले कंट्रोल बोर्ड यांत मात्र पुष्कळदा नुसती कच्ची चिप असते. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमलाच विंग रिकामी करावी लागते.

लिनक्समध्ये हे काम एमटीडी नावाचा विभाग करतो. मेमरी टेक्नॉलॉजी डिव्हाइस. डेव्हिड वुडहाउस यांनी तो १९९९ च्या सुमारास सुरू केला. कल्पना साधी पण महत्त्वाची आहे. हार्ड डिस्कला फक्त 'वाच' आणि 'लिही' समजतं, एमटीडीला तिसरं क्रियापद आहे, 'पूस'. त्यावर बसणाऱ्या फाइल सिस्टिमला हे तिसरं क्रियापद माहीत असावं लागतं. त्यासाठी वुडहाउस यांनीच २००१ मध्ये जेएफएफएस२ लिहिली. तिच्यात जुन्या जागेवर पुन्हा लिहीत नाहीत, नवी नोंद नेहमी रिकाम्या जागी करतात आणि जुन्या नोंदी साचल्या की सावकाश ब्लॉक मोकळा करतात. लाइट गेली तरी जुनी नोंद शाबूत.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगतो. २००७ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला तो रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नव्हतीच. १ गिगाबाइट कच्ची नॅन्ड फ्लॅश आणि तिच्यावर जेएफएफएस२. म्हणजे धनगरवाड्यातल्या पोरांनी काढलेली चित्रं याच ड्रायव्हरच्या हातातून गेली. अर्थात १ गिगाबाइट हे जेएफएफएस२ ला जडच होतं, कारण सुरू होताना तिला फ्लॅश धुंडाळून सगळा पसारा मेमरीत मांडावा लागतो. जेवढी चिप मोठी तेवढा उशीर. ही अडचण सोडवायला नोकियातल्या मंडळींनी हंगेरीतल्या सेगेद विद्यापीठाबरोबर यूबीआयएफएस केली. ती कर्नलमध्ये २००८ साली आली. तिच्याखालचा यूबीआय नावाचा थर त्याच्या आदल्या वर्षी. कोणता ब्लॉक किती वेळा पुसला याचा हिशेब यूबीआय ठेवतो आणि सगळ्यांना सारखं काम वाटतो. मेस सेक्रेटरीपेक्षा प्रामाणिकपणे.

हिशेब न ठेवल्यास काय होतं? अमेरिकेत २०२१ साली टेस्लाने मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या. डॅशबोर्डच्या कॉम्प्युटरमध्ये ८ गिगाबाइटची फ्लॅश होती आणि पुसण्याची मर्यादा ३००० च्या आसपास. गाडी चालता चालता सतत काहीबाही नोंदी लिहीत राहायची. काही वर्षांत फ्लॅश झिजली आणि स्क्रीन गेला. स्क्रीनबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं काढायची बटणंही गेली. तिथे कंट्रोलरवाली फ्लॅश होती, त्यामुळे एमटीडीचा संबंध नाही. पण झीज तीच.

आता सांभाळण्याबद्दल. मला आधी वाटायचं की ड्रायव्हर एकदा लिहिला की झालं. आपल्या मिनी प्रोजेक्टसारखं, डेमो झाला की बोर्ड कपाटात. कर्नलमध्ये उलटं आहे. लिहिणारा बहुतेक वेळा चिप बनवणाऱ्या किंवा बोर्ड बनवणाऱ्या कंपनीतला माणूस. त्याचं काम चिप विकली जाईपर्यंत. नंतर त्याची बदली होते, तो नोकरी बदलतो, त्याचा मेल परत येतो. ड्रायव्हर मात्र राहतो आणि जगात कुठेतरी तो बोर्ड वापरणारे लोकही राहतात. मधल्या काळात कर्नलच्या आतली रचना बदलते आणि त्या ड्रायव्हरला नव्या रचनेत बसवायचं काम मेन्टेनरवर येतं, ज्याने तो बोर्ड आयुष्यात पाहिलेला नसतो. वुडहाउस यांच्यानंतर ब्रायन नॉरिस, बोरिस ब्रेझियों, रिचर्ड वाइनबर्गर, मिकेल रेनाल अशा लोकांनी हा भार वाहिला. नॅन्डच्या ड्रायव्हरची बोलायची पद्धतच २०१८ मध्ये बदलली. आधी प्रत्येक ड्रायव्हर चिपला पाठवायच्या कमांडचे तुकडे पडून अंदाज करायचा की वरच्याला नेमकं काय हवंय. नव्या पद्धतीत पूर्ण क्रिया एकदम सांगितली जाते, 'ही कमांड, हा पत्ता, इतका वेळ थांब, इतके बाइट वाच'. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तसे डझनावारी जुने ड्रायव्हर नव्या भाषेत आणायचे, आणि त्यातल्या कित्येकांची चाचणी घ्यायला जगात एखाददुसराच माणूस उपलब्ध.

यात सगळ्यात मोठी भीती 'सुधारणे'ची. समजा एखाद्या बोर्डावर पूर्वी ५१२ बाइटमागे १ बिटची ईसीसी होती आणि मी मोठ्या मनाने ती ४ बिटची केली. कागदावर उत्तम. पण जुन्या बोर्डांच्या फ्लॅशवर समासात जुना कोड लिहिलेला आहे! नवा कर्नल तो नव्या हिशेबाने तपासणार आणि प्रत्येक पान चुकीचं ठरवणार. म्हणजे चालणारं यंत्र अपडेटनंतर सुरूच होणार नाही. पुसलेल्या पानाचंही असंच त्रांगडं. त्यात सगळे १, समासातही सगळे १, कोड लिहिलेलाच नाही. त्यातला एक बिट आपोआप ० झाला की कित्येक हार्डवेअर ईसीसी 'न सुधारता येणारी चूक' म्हणून बोंब मारतात, खरं तर पान कोरं असतं. यासाठी कर्नलमध्ये वेगळी तपासणी आहे, पानातले ० मोजायचे, थोडेच असतील तर पान कोरं समजायचं. 'थोडे' म्हणजे किती, यावर लोक भांडू शकतात, आणि भांडतातही.

कधी कधी मेन्टेनरला सरळ 'नाही' म्हणावं लागतं. एका सेलमध्ये दोन बिट ठेवणाऱ्या एमएलसी चिपमध्ये दोन वेगळ्या पानांचे बिट एकाच सेलमध्ये राहतात, जोडीदारासारखे. दुसरं पान लिहिताना लाइट गेली तर आधी नीट लिहिलेलं पहिलं पानही बिघडतं. यूबीआयचा अख्खा भरवसा 'एकदा लिहिलेलं टिकतं' यावर, आणि इथे तोच खोटा. बोरिस ब्रेझियों यांनी यावर बरंच काम करून पाहिलं. शेवटी २०१८ साली यूबीआयने एमएलसी नॅन्ड नाकारायला सुरुवात केली. त्याआधी चालत होतं ना, असं म्हणणारे होतेच. चालत होतं, लाइट जाईपर्यंत. मला हा निर्णय फार पटला. आपल्याकडे लाइटचा काय भरवसा हे आपल्याला माहीतच आहे.

बरं, आता आपला राउटर. त्यात नॅन्ड नाही, नॉर आहे, एसपीआय नावाच्या मोजक्या तारांवर बोलणारी. तिला वाचायचं म्हणजे आधी एक बाइटची कमांड पाठवायची, हेक्समध्ये ०३. मग पत्ता तीन बाइट. मग चिप डेटा द्यायला लागते. तीन बाइट म्हणजे २४ बिट, म्हणजे १६ मेगाबाइटपर्यंतचेच पत्ते. ही पद्धत पडली तेव्हा १६ मेगाबाइट म्हणजे पुष्कळ वाटत होते. मग ३२ मेगाबाइटच्या चिप आल्या. त्यांच्यासाठी युक्ती काढली ती अशी की एक खास कमांड दिली की चिप 'चार बाइट पत्त्या'च्या मोडमध्ये जाते. तेव्हापासून ०३ नंतर ती चार बाइट घेते.

आमचा राउटर ३२ मेगाबाइटवाला. चालू होताना प्रोसेसर जुन्या सवयीने ०३ आणि तीन बाइट पाठवतो, चिप पहिला प्रोग्राम देते, तो लिनक्स उभा करतो, लिनक्स चिपला चार बाइटच्या मोडमध्ये टाकतो. सगळं छान. आता मी 'रीस्टार्ट' दाबतो. प्रोसेसर शून्यापासून सुरू होतो, पण चिपला कोणी सांगतच नाही की रीस्टार्ट झालाय! तिची वीज गेलेली नाही. प्रोसेसर म्हणतो ०३ आणि तीन बाइट. चिप चौथ्याची वाट बघते. लँडलाइनच्या नंबरात एक आकडा वाढला होता तेव्हा आजोबा जुनाच नंबर फिरवून रिसीव्हर धरून बसायचे, तसं. डेटा म्हणून जो कचरा येतो त्याला प्रोसेसर प्रोग्राम समजतो आणि बेशुद्ध पडतो. एक दिवा, बाकी शांतता.

प्लग काढला की चिपची वीज जाते आणि ती मुकाट्याने तीन बाइटच्या मोडमध्ये परत येते. पण बोर्डावर कपॅसिटर असतात, ते थोडा वेळ वीज धरून ठेवतात. लगेच प्लग लावला तर चिप कधी पुरती विझतच नाही. म्हणून मोजायचं. तर सर, सहाही चालतील बहुधा. दहा मी अंगावर शेकू नये म्हणून लिहिले.

मग दोष कोणाचा? शहाण्या डिझाइनरने चिपचा रीसेट पाय प्रोसेसरच्या रीसेटला जोडला असता तर प्रश्नच नव्हता. आमच्या बोर्डावर तसं नाही, एक तार वाचवली. सॉफ्टवेअरने एवढं करता येतं की बंद होण्याआधी लिनक्सनेच चिपला परत तीन बाइटवर आणायचं. २०१८ मध्ये कर्नलमध्ये यावर बरीच चर्चा झाली आणि ठरलं की हे सरसकट करायचं नाही. ज्या बोर्डाच्या वर्णनात 'याचा फ्लॅश रीसेट सदोष आहे' असं स्पष्ट लिहिलेलं असेल त्यावरच करायचं, आणि तेव्हाही इशारा छापायचा की अचानक रीस्टार्ट झाल्यास हा उपाय पुरा पडेल याची खात्री नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा हटवादीपणा वाटला. करून टाका ना सगळ्यांसाठी! मग कळलं. राउटर हँग होऊन वॉचडॉगने झटका दिला तर 'बंद होण्याआधी' असं काही नसतंच. सगळीकडे गुपचूप मलमपट्टी केली असती तर बोर्ड बनवणाऱ्यांनी ती तार कायमची वाचवली असती, आणि मग कुठल्या तरी टेकडीवरच्या टॉवरमधलं यंत्र वॉचडॉगच्या झटक्याने अडकल्यावर प्लग काढायला कोण जाणार?

खरा उपाय वेगळा आहे. नंतरच्या चिपमध्ये चार बाइट पत्त्यासाठी वेगळ्याच कमांड आल्या, ०३ ऐवजी १३ अशा. मोड बदलायचाच नाही, म्हणजे विसरायला काही उरत नाही. डेटाशीट उघडून बघितलं तर आमच्या चिपला १३ येत होती! कर्नलच्या यादीत फक्त तिच्या नावापुढे तसं लिहिलेलं नव्हतं. मी तो एक शब्द वाढवला, रात्रभर कर्नल कंपाइल केला, ए विंगच्या राउटरवर चढवला आणि थरथरत्या बोटाने रीस्टार्ट दाबलं. आला! लागोपाठ वीस वेळा रीस्टार्ट केला. शेजारच्या रूममधल्याने उशी फेकून मारली तेव्हा थांबलो.

तो एका ओळीचा बदल मी कर्नलला पाठवला. खरं सांगायचं तर मनात बायोडेटाचा विचार होता. उत्तर आलं ते अगदी सभ्य होतं, पण त्यात चार प्रश्न होते. कोणत्या कंट्रोलरवर तपासलं? वाचणं, पुसणं, लिहिणं तिन्ही तपासलं का? चिपने स्वतःबद्दल आत साठवलेला माहितीचा तक्ता पूर्ण द्याल का? आणि चौथा, याच ओळख क्रमांकाची जुनी आवृत्ती आहे, तिला या कमांड येतात का?

चौथ्या प्रश्नाने माझी विकेट गेली. प्रत्येक चिप विचारल्यावर तीन बाइटचा ओळख क्रमांक सांगते आणि त्यावरून कर्नल तिला ओळखतो. पण कंपन्या नवी आवृत्ती काढताना तोच क्रमांक पुन्हा वापरतात. याचं कर्नलमधलं गाजलेलं उदाहरण म्हणजे मॅक्रोनिक्सची २५६३५. तिच्या 'ई' आणि 'एफ' अशा दोन आवृत्त्या, क्रमांक एकच. एफला चार बाइटच्या कमांड येतात, ईला येत नाहीत. ओळखायचं कसं? शेवटी आतल्या तक्त्यात एका जलद वाचनाच्या पद्धतीचा उल्लेख फक्त एफमध्ये दिसतो, हे हेरून कर्नलमध्ये तशी खास तपासणी घालावी लागली. जुळ्या भावांतला एक कपाळावरच्या तिळावरून ओळखावा, तसं.

माझ्या चिपचंही तसंच निघालं. जुन्या आवृत्तीच्या डेटाशीटमध्ये १३ नाही. म्हणजे माझा एक शब्द जर तसाच कर्नलमध्ये गेला असता, तर ए विंगचा राउटर सुधारला असता आणि ज्यांच्याकडे जुनी चिप आहे त्यांची यंत्रं पुढच्या अपडेटनंतर उठलीच नसती. लिनक्स सुरू होऊन १३ म्हणणार, चिप ढिम्म, फाइल सिस्टिम सापडणार नाही. आणि माझ्या राउटरसारखं प्लग काढून ते बरं होणार नाही. खोका उघडून, सोल्डरिंग करून, चिप पुन्हा भरावी लागली असती. वीस वेळा रीस्टार्ट करून मी जे तपासलं ते फक्त माझंच होतं. मी बदल मागे घेतला. ते कळवलं तेव्हा मेन्टेनरने आभार मानले आणि तक्ता मात्र द्याच म्हणून पुन्हा आठवण केली.

तो तक्ता मी दिलाय. आता दोन्ही आवृत्त्यांच्या तक्त्यांत फरक काय हे बघायचं, त्यावरून तीळ शोधायचा आणि मग नीट बदल पाठवायचा. नव्या आवृत्तीचा तक्ता माझ्याकडे आहे. जुन्याचा नाही, कारण जुनी चिप आता बाजारात मिळत नाही. लॅमिंग्टन रोडला दोन चकरा झाल्या, दोन्ही वेळा नवीनच गळ्यात पडली.

दरम्यान ए विंगचा राउटर माझ्या कर्नलवर चालतोय. बी विंगच्याला हात लावायचा नाही असा रेक्टर सरांचा हुकूम आहे, "एक चालतोय ना, तो चालू दे, परीक्षा होऊ देत." म्हणून तो कागद अजून तिथेच आहे.

एक विनंती. मायक्रोप्रोसेसर लॅबच्या मागच्या डेड स्टॉकच्या कपाटात बंद पडलेले राउटर आणि डेव्हलपमेंट बोर्ड आहेत असं लॅबचे मामा म्हणाले. यादीत ते 'निकामी' लिहिलेत आणि पुढच्या टर्मला भंगारात जाणार आहेत. त्यातल्या एखाद्यावर ३२ मेगाबाइटची, आठ किंवा सोळा पायांची जुनी नॉर चिप असू शकते. बोर्ड मेलेला असला तरी चालेल, चिप जिवंत हवी. सरांनी परवानगी दिली तर एक दुपार पुरे. क्लिप माझी, वायर माझी, कपाट उघडायला मामा तयार आहेत.